व्रण दिसतो, कारण दिसत नाही

सिफिलिसला आपल्याकडे 'गरमी' म्हणत आणि जननेंद्रियावर व्रण दिसला, की बहुतेकदा तीच धरून चालत. युरोपातही फार वेगळं नव्हतं. म्हणूनच १८६८चा हिंदुस्थानातला सांसर्गिक रोगांचा कायदा वाचताना मला एकच प्रश्न छळतो: तपासणाऱ्या डॉक्टरला नेमकं काय कळत होतं?

कायदा थोडक्यात असा. वेश्याव्यवसायातल्या बायकांनी नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला जायचं, रोग आढळला तर लॉक हॉस्पिटलात राहायचं. गिऱ्हाइकाची तपासणी नाही. गोऱ्या सैनिकांना वाचवायचं होतं ना!

डॉक्टरच्या हाती होते डोळे, बोटं आणि स्पेक्युलम. पॅरिसच्या रिकोर यांनी १८३८मध्ये परमा आणि गरमी वेगळे असल्याचं दाखवलं होतं. १८५२मध्ये बासरो यांनी व्रणांतही फरक केला: कठीण, न दुखणारा तो सिफिलिसचा आणि मऊ, दुखणारा तो वेगळ्या रोगाचा, म्हणजे शांक्रॉइडचा. कागदावर किती सोपं वाटतं बघा. पण बाईच्या शरीरात सिफिलिसचा व्रण अनेकदा आत, गर्भाशयाच्या मुखावर असतो. दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो. तिला स्वतःलाच पत्ता नसतो. म्हणजे खरी सिफिलिसची रुग्ण तपासणीतून सुटू शकत होती आणि हर्पिसचे फोड किंवा साधं खरचटलेलं असलेली बाई अडकू शकत होती.

कायदा १८८८मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी नेपल्समध्ये डुक्रे यांना शांक्रॉइडचा जंतू सापडला! सिफिलिसचा जंतू १९०५मध्ये बर्लिनला शाऊडिन आणि हॉफमन यांनी पाहिला. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हान यांनी आणखी एका व्रणातले सूक्ष्म कण नोंदवले. तो रोग आज डोनोव्हॅनोसिस म्हणून ओळखला जातो. वासरमन यांची रक्तचाचणी आली १९०६मध्ये.

आता पीसीआर आहे, पण प्रत्येक दवाखान्यात नाही. नुसत्या नजरेवर भरवसा नको म्हणून, जिथे प्रयोगशाळा नाही तिथे संभाव्य कारणांवर एकत्रच उपचार करतात. आणि जोडीदारालाही बोलावतात. १८६८च्या कायद्यात ते कलम नव्हतं.