गप्प बसलेला जावई

परवा नातीने मोबाईलवर पु.लं.च्या आवाजातला 'अंतू बर्वा' लावला होता. हसून झाल्यावर म्हणाली, "आजोबा, पण यात पु.ल. स्वतः काय करतात? नुसते ऐकत बसतात!"

प्रश्न साधा होता, पण माझी झोप उडाली. चाळीस वर्षे मास्तरकी करून मला कधी सुचला नव्हता!

आपल्या विनोदी लेखनातला निवेदक पूर्वी असा गप्प बसणारा नव्हता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा (पुस्तक १९१० चे) बंडूनाना आणि पांडूतात्यांबरोबर स्वतः उपद्व्यापात असतो. गडकऱ्यांचा बाळकराम ठकीच्या लग्नाच्या मोहिमेवर निघतो. चिं.वि. जोशांच्या चिमणरावाची तर स्वतःचीच फजिती होते. हे सगळे रंगमंचावर. 'अंतू बर्वा'तला 'मी' मात्र उठून प्रेक्षकांत येऊन बसला, आपल्या शेजारच्या खुर्चीवर.

आर.के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून असाच मुका होता. पण त्याला कोणी विचारत नाही की बोलावत नाही. पु.लं.च्या 'मी'पुढे अंतूशेट मन मोकळं करतात. का? तर तो गावचा जावई! सुनीताबाई रत्नागिरीच्या ठाकुरांच्या, लग्नही इथेच झालं, १२ जून १९४६ ला. आता आमच्या गावात शेजाऱ्याला सुखदुःख सांगायची पद्धत नाही, त्याला टोमणा मारायचा. पाहुणा चार दिवसांनी जाणार, त्याच्यापुढे बोलायला हरकत नसते. त्याने फक्त मध्ये तोंड घालू नये.

'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफ तासाला हमखास तेच पुस्तक काढायचो. अंतूशेटच्या घरी वीज नाही आणि त्यांना ती नकोच आहे, कारण उजेड पडून दिसणार काय, तर दारिद्र्यच. हा भाग मी अगदी हेल काढून वाचायचो. वर्ग खो खो हसायचा, आणि मीही.

एकदा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. मला वाटलं, लक्ष नाही. "कुठे आहेस रे?" म्हणून वर चारचौघांत विचारलंही. तो उभा राहिला, काही बोलला नाही. पुढे पावसात त्याची वही भिजली म्हणून घरी गेलो, तर ओटीवर चिमणी लावून अभ्यास चालला होता. आईने चहा दिला. मी भिंतींकडे बघायचं टाळत होतो आणि तो माझ्याकडे बघायचं.

त्यानंतर मी ते पुस्तक वर्गात वाचलं, पण त्या जागी आवाज खाली आणून. मुलं तरी हसायचीच. हसू देत, त्यात त्यांचा काय दोष? पु.लं.नी तो प्रसंग नुसता हसवायला लिहिलेला नाही हे मला मास्तर असून उशिरा कळलं.

नातीला मी एवढंच म्हटलं, "पुन्हा लाव. या वेळी हशा कुठे थांबतो ते ऐक."