पडदा एक, बोटे अनेक
टचस्क्रीनभोवती एकत्र बसून शिकणाऱ्या मुलांविषयी

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील गाव. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. नवापूर परिसरातील अनेक मुले घरी मावची किंवा कोकणा समाजाची कोकणी बोलतात. शाळेत मात्र पुस्तक प्रमाण मराठीचे असते. अशा वर्गात प्रत्येक मुलाला स्वतंत्र टॅब मिळणे कठीण. एक टॅब आणि त्याभोवती चार-पाच मुले, हेच बहुतेक ठिकाणचे वास्तव होय. ही केवळ नाइलाजाची तडजोड आहे, की शिक्षणाची स्वतंत्र पद्धत, हा खरा प्रश्न आहे.

भिंतीतील संगणकापासून

या विचाराचे एक मूळ भारतातच आहे. डॉ. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत एक संगणक बसविला आणि तो वस्तीतील मुलांसाठी खुला ठेवला. मुले घोळक्याने जमली आणि एकमेकांना दाखवत तो वापरू लागली. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरगाव येथेही असा संगणक बसविण्यात आला. घोळक्यातील मूल केवळ बघूनही बरेच काही शिकते, हा या प्रयोगांचा धडा होता.

मात्र घोळक्यात सर्वांना सारखी संधी मिळतेच असे नाही. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील संशोधकांनी २००६ च्या सुमारास ग्रामीण शाळांत हेच पाहिले. संगणकाभोवती अनेक मुले बसत. माऊस मात्र एखाद्या धीट मुलाच्याच हाती राही. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडले आणि पडद्यावर प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. पहिल्याने दाबलेले उत्तर ग्राह्य धरले, तेव्हा विशेषतः मुलग्यांत शर्यत लागली आणि शिकणे मागे पडले. गटातील सर्वांनी उत्तर निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा नियम केल्यावर मात्र शब्दपाठाचा परिणाम एकट्याने संगणक वापरणाऱ्या मुलांच्या तोडीचा आला. फरक यंत्राने नव्हे, नियमाने घडविला.

स्पर्शाने काय बदलले?

टचस्क्रीनवर माऊसची मक्तेदारी संपते. कोणाचेही बोट पडद्यापर्यंत पोहोचते. ब्रिटनमधील संशोधकांनी २००९ मध्ये ७ ते १० वर्षांच्या मुलांना तिघा-तिघांच्या गटात वर्गाची आसनव्यवस्था आखण्यास सांगितले. एका वेळी एकाच बोटाला प्रतिसाद देणाऱ्या पडद्यावर मुलांचे बोलणे 'आता पाळी कोणाची' यावर अधिक झाले. अनेक बोटे ओळखणाऱ्या पडद्यावर ते प्रत्यक्ष कामाविषयी अधिक झाले. मात्र सहभागातील समानता पडद्याच्या प्रकाराने आपोआप वाढली नाही.

इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाने टचस्क्रीन मेजांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये जाहीर झाले. त्यात प्रामुख्याने ८ ते १० वर्षे वयाच्या ४०० हून अधिक मुलांचा सहभाग होता. एकच संख्या निरनिराळ्या गणिती मांडण्यांतून मिळविण्याच्या खेळानंतर, नव्या मांडण्यांत वाढ दाखविणाऱ्या मुलांचे प्रमाण मेजावर ४५ टक्के, तर कागदावर तेच काम करणाऱ्यांत १६ टक्के आढळले.

शाळांत साधारणतः दिसणारा टॅब एकाच वेळी अनेक स्पर्श ओळखतो. पण कोणते बोट कोणाचे, हे त्याला कळत नाही. ती नोंद शिक्षकालाच ठेवावी लागते.

महाराष्ट्रातील वाटचाल

ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून डिजिटल झाली आणि अनेक शाळांना उदाहरण ठरली. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यानंतर ठिकठिकाणी लोकवर्गणीतून टॅब व प्रोजेक्टर आले. 'प्रथम' संस्थेनेही २०१५ पासून महाराष्ट्र, राजस्थान व उत्तर प्रदेशातील गावांत मुलांचे छोटे गट करून त्यांना सामायिक टॅब दिले.

घरातील फोनची स्थिती निराळी आहे. 'असर २०२४' अहवालानुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलग्यांच्या मागेच आहेत. म्हणूनच शाळेतील सामायिक पडद्यावर मुलीची पाळी चुकणे हे अधिक गंभीर ठरते.

वर्गात काय करावे?

गट चार-पाच जणांचाच असावा. टॅब सपाट ठेवल्यास समोरच्या मुलाला अक्षरे उलटी दिसतात. म्हणून मुलांना अर्धवर्तुळात बसवावे. बोट लावण्यापूर्वी गटाने उत्तर ठरवावे आणि पाळी फिरती ठेवावी. शेवटी गटातील कोणत्याही मुलास उठवून 'हे उत्तर का?' असे विचारावे; तेच उदाहरण प्रत्येकाकडून पाटीवर सोडवून घ्यावे. त्यावाचून कोण शिकले आणि कोण नुसते बसून राहिले, हे कळत नाही.

नवापूरसारख्या भागात आणखी एक पथ्य महत्त्वाचे. गटातील चर्चा मावचीत किंवा कोकणीत होत असेल, तर ती थांबवू नये. घरच्या बोलीत केलेला विचार मराठी उत्तरापर्यंत नेण्याची संधी मुलाला या घोळक्यातच मिळते. सर्वांसमोर मराठीत बोलण्यास कचरणारे मूल शेजाऱ्याच्या कानाशी आपल्या बोलीत शंका विचारते, आणि तेथून त्याचे शिकणे सुरू होते. शाळेत किती टॅब आले, याची नोंद कागदोपत्री होतेच. त्याभोवतीच्या प्रत्येक मुलाचे बोट पडद्यापर्यंत आणि प्रत्येकाचा शब्द गटापर्यंत पोहोचतो का, हे मात्र वर्गात उभे राहूनच पाहावे लागते.