चलाचा लोप करायचा की उकलीचा माग काढायचा?

एक छोटं कोडं घ्या. दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज २५ आहे आणि त्यांचा गुणाकार १२. शाळेतली युक्ती आठवा: एका चलाचा लोप करायचा. दुसरी संख्या म्हणजे १२ भागिले पहिली. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की एकाच चलातलं चौथ्या घाताचं समीकरण उरतं. त्यातून पहिल्या संख्येच्या किमती मिळतात ३, ४, −३ आणि −४. बेझू या फ्रेंच गणितज्ञाने १७७९ साली दाखवलं की उकली मोजक्या असतील, तर त्यांची संख्या घातांच्या गुणाकारापेक्षा जास्त नसते. इथे २ गुणिले २, म्हणजे ४.

विसाव्या शतकात ही लोपपद्धत जुनाट ठरली. आंद्रे वेय यांनी तर १९४६ च्या ग्रंथात बीजभूमितीतून तिची शेवटची खूणही पुसली जावी, अशी आशा व्यक्त केली. तिच्या बाजूने ठामपणे उभे राहिले श्रीराम अभ्यंकर. त्यांचा जन्म १९३० साली उज्जैनचा, शिक्षण मुंबईत आणि हार्वर्डला, नोकरी पर्ड्यू विद्यापीठात. १९७६ साली त्यांनी एक गाजलेला लेख लिहिला. शाळेतलं बीजगणित अजून खूप काही देऊ शकतं, हे त्याचं म्हणणं. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. पुढे चंद्रजित बजाज यांच्याबरोबर त्यांनी हेच जुनं बीजगणित संगणकावरच्या वक्रांसाठी वापरलं.

पण लोपपद्धतीत एक खरी अडचण आहे. चलं वाढली की उरणारं समीकरण प्रचंड मोठ्या घाताचं होतं, आणि अशी समीकरणं फार नाजूक असतात. १ ते २० ही मुळं असलेलं विल्किन्सनचं बहुपद बघा. त्यातला −२१० हा सहगुणक साधारण एक कोटीव्या भागाएवढा हलवला, तरी २० पैकी १० मुळं वास्तव राहत नाहीत!

म्हणून दुसरा मार्ग आला: माग काढण्याचा. ज्याची उत्तरं माहीत आहेत असं सोपं कोडं घ्या (दोन्ही वर्ग १), ते हळूहळू आपल्या कोड्यात बदलत न्या आणि प्रत्येक उत्तर कुठे सरकतं ते बघत राहा. १९८५ साली त्साई आणि मॉर्गन यांनी सहा सांध्यांच्या रोबो-हातासाठी असेच २५६ मार्ग चालवले आणि उकली मिळाल्या १६. व्हर्शेल्डे यांचं पीएचसीपॅक, बर्टिनी, होमोटोपीकंटिन्युएशन ही सॉफ्टवेअर याच कल्पनेवर चालतात.

मग लोपपद्धत हरली का? नाही. रोबो-हाताच्या त्याच प्रश्नावर राघवन आणि रॉथ यांनी लोप करून १६ घाताचं समीकरण काढलं. त्यानंतर मनोचा आणि कॅनी यांनी ते बहुपद उलगडून न लिहिता प्रश्न आव्यूहाच्या आयगेन-किमतींवर नेला. म्हणजे लोप जुना, आकडेमोड नवी, आणि विल्किन्सनचा सापळाही टळला.

संशोधनाला लागणाऱ्या तुम्हाला यातून काय घ्यायचं? सॉफ्टवेअरने '१६' छापलं की लगेच प्रबंधात उतरवू नका. कमाल मर्यादा किती होती? किती मार्ग अनंताकडे गेले? एखादा मार्ग मध्येच हरवला, किंवा दुसऱ्याच्या वाटेवर उडी मारून गेला, तर एक उकल गुपचूप गळते. असं झालं नाही ना, हे तपासा. जमलं तर दुसऱ्या पद्धतीनेही उकली मोजा. सुरुवात वरच्या कोड्यापासूनच करा. तिथे चारही उत्तरं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत.