हेवी-कट कंपाउंड : कारच्या फिकट पडलेल्या रंगावर ते नेमकं काय करतं?
पारोळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो, त्यात हायवेची धूळ. अशा उन्हात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या कारचं बॉनेट आणि छत सगळ्यात आधी पांढुरकं पडतं. त्यावर हेवी-कट कंपाउंड चालतं, पण ते क्रीमसारखं काही भरून काढत नाही. त्यातले अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक, कडक कण वरचा खराब झालेला थर घासून काढतात आणि खालचा चांगला थर उघडा होतो.

अडचण इथेच आहे. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. सॉफ्टवेअरमध्ये अनडू असतं, इथे नाही! त्यामुळे दर दिवाळीला कंपाउंड मारून घेऊ नका.

क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील तर कंपाउंडचा उपयोग नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. नुसता निस्तेजपणा असेल तर जमतं. जुन्या सिंगल-स्टेज रंगात क्लिअर कोट नसतोच, तिथे पॅडला गाडीचा रंग लागणारच, घाबरू नका.

गाडी नीट धुवा. धूळ राहिली तर तीच ओरखडे पाडते. पत्रा गार असताना, सावलीत काम करा. कडांवर रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. आधी दीड-दोन फुटांच्या तुकड्यावर करून बघा आणि मशीन एका जागी थांबवू नका. नंतर धुरकट खुणा दिसतात, त्या फिनिशिंग पॉलिशने जातात. शेवटी वॅक्स लावा.