हेकलर आणि पिंजारी

सभेत वक्त्याला मध्येच अडवणाऱ्याला इंग्रजीत ‘हेकलर’ म्हणतात. आपण त्याचा अर्थ सरळ ‘सभा उधळणारा’ असा लावतो. शब्दाचे मूळ मात्र कारागिराच्या हातात आहे.

हेकल म्हणजे अणकुचीदार खिळ्यांची मोठी फणी. जवसाच्या झाडाचे तंतू तिच्यातून ओढायचे, गुंता आणि कचरा काढायचा, मग ते कातायला द्यायचे. हे काम करणारा तो हेकलर. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये या क्रियापदाला नवा अर्थ आला, तो म्हणजे अवघड प्रश्न विचारून माणसाला भंडावणे. पुढे निवडणुकीच्या उमेदवाराला भर सभेत असे घेरणे, हाच त्याचा मुख्य अर्थ झाला. डंडी शहरातले हेकलर तर जहाल कामगार म्हणून प्रसिद्ध होते. काम चालू असताना एक जण मोठ्याने बातम्या वाची आणि बाकीचे त्याला तोडत, वाद घालत, असे सांगतात.

हे वाचताना मला आपला पिंजारी आठवला. कापूस पिंजणाऱ्या या मुस्लिम समाजातले अनेक जण स्वतःला मन्सुरी म्हणवतात आणि नाते मन्सूर हल्लाजशी सांगतात. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच पिंजारी. इ.स. ९२२ मध्ये बगदादमध्ये त्याला मृत्युदंड झाला, तोही बोलण्यापायीच.

मराठीतही पिंजण्याचा वाक्प्रचार झालाच. पण पोलीस जंगल पिंजून काढतात. सभेत कुणी उमेदवाराला पिंजून काढला, असे मी अजून ऐकलेले नाही.