बाजारात उतरलेले अर्थशास्त्र

१/ अर्थशास्त्रज्ञ म्हटला की ग्रंथालय डोळ्यांसमोर येते. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासाची वाट मात्र पुण्याच्या फळबाजारातून गेली.

२/ १९३० साली रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९३३ मध्ये संस्थेने पुण्यातील फळविक्रीची पाहणी प्रसिद्ध केली.

३/ विषय किरकोळ वाटेल. तो तसा नाही. फळ नाशवंत असते. भाव पडला म्हणून बागाईतदार ते परत नेऊ शकत नाही. अडत, हमाली, वाहतूक वजा जाता त्याच्या पदरी काय उरते, हे तर्काने कळत नाही. बाजारात जाऊन हिशेबच मांडावा लागतो.

४/ उसाचेही तेच. तोडल्यावर तो थांबत नाही. दिवस जातील तसा साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखाना कोणाच्या हाती, हा शेतकऱ्याच्या जगण्याचा प्रश्न ठरतो.

५/ प्रवरा खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले.

६/ सल्ला चुकला तर लेखकाची टीका होते. कारखाना बुडाला असता तर शेतकऱ्यांचे भागभांडवल बुडाले असते. गाडगीळांनी ही जोखीम पत्करली.

७/ १९६४ मध्ये विखे पाटलांनी लोणीत प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापली. ज्ञान शहरातून शेतापर्यंत आले होते. आता शेतकऱ्यांच्या मुलांना ते गावातच मिळू लागले.