भाग ३७ : आजोबांचं बदली कार्ड

मागे जो घरघराट ऐकू येतोय तो पुणे-सातारा हायवेचा, त्याला माझा इलाज नाही. सकाळचे सहा वाजायला आलेत आणि मी सारोळ्यात नीरेच्या पुलाच्या अलीकडे उभा आहे. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा लागला. आमच्याकडची पोरं रोज जिल्हा बदलून कामाला जातात. कंपनीच्या गाड्या इथं थांबतात. चढणाऱ्यांच्या गळ्यातली आयकार्डाची दोरी बघा, दोन रंगांच्या दिसतील. एक रंग कंपनीच्या माणसांचा, दुसरा ठेकेदाराच्या. मशीन तेच, पाळी तीच, कँटीनमधली आमटीपण तीच. पगार मात्र वेगळा.

आजचा भाग माझ्या भाच्यामुळे सुचला. पोरगा बारावी झालाय, कॉलेजात जीव रमत नाही. परवा मला म्हणाला, "मामा, ठेकेदार उद्यापासून ये म्हणतोय. जाऊ का?" ताई म्हणते, आधी डिग्री कर. मी स्वतः डिग्री केलेली नाही, त्यामुळे माझ्या तोंडून उपदेश शोभत नाही. मग मी काय केलं, तर त्याला आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली.

ट्रंकेत एक पितळी बिल्ला आहे, मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा आहे आणि घडीवर फाटलेलं एक कार्ड आहे. बदली कार्ड. आजोबा चौथी शिकलेले. १९५३ साली, अठराव्या वर्षी, ते मुंबईला गिरणीत गेले. आपल्या भोर-वेल्ह्याच्या मावळात पाऊस धो धो, पण शेतं डोंगरउताराची आणि तुकड्या-तुकड्यांची. भात निघाला की पुढचे सात-आठ महिने घरात खाणारी तोंडं जास्त आणि काम कमी. त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईला, हा रिवाजच होता. आजोबा डिलाईल रोडला गावकऱ्यांच्या खोलीवर राहिले. एका खोलीत पंधरा-वीस जण. रातपाळीवाले दिवसा झोपायचे, दिवसपाळीवाले रात्री. जेवण बाईच्या खानावळीत.

आता तुम्ही म्हणाल, चौथी पास माणसाला गिरणीत घेतलं कसं? इथंच खरी गोष्ट सुरू होते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढं गिरण्या वाढत गेल्या, पण कामगार भरती करणारं ऑफिस असं काही नव्हतं. भरती करायचा जॉबर. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. तोच माणूस आणणार, तोच काम शिकवणार, तोच काढून टाकणार. आपल्या गावचा, आपल्या भावकीतला असला तर लवकर लावणार. नाहीतर दस्तुरी घेणार, म्हणजे लावताना पैसे आणि लागल्यावरही पैसे. शिक्षण कुणी विचारत नव्हतं. विचारायचे ते एवढंच, तू कुणाचा?

या ओळखीची आपल्याकडं फार गोडी गातात. गावानं गावाला धरून राहिलं वगैरे. ते खोटं नाही. पण ओळखीवर चालणाऱ्या दारातून सगळ्यांना आत जाता येत नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. गिरणीत चांगला पगार साचाखात्यात, म्हणजे मागावर. कांडी संपली की धोट्याच्या भोकातून नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी दलित कामगारांना या खात्यात येऊच दिलं नाही. त्यांना कमी पगाराच्या खात्यांत राहावं लागलं. १९२८ चा गिरणी कामगारांचा मोठा संप जवळजवळ सहा महिने चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. म्हणजे शाळेचा दाखला लागत नव्हता हे खरं, पण जातीचा न छापलेला दाखला लागत होता. आमचे आजोबा साचाखात्यात लागले. का लागले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बरं, जॉबरच्या या कारभाराची चौकशी झाली. १९२९ साली इंग्रज सरकारनं मजुरांच्या प्रश्नावर एक शाही आयोग नेमला, व्हिटली त्याचे अध्यक्ष. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. डिलाईल रोडला आज त्यांचंच नाव आहे. १९३१ च्या अहवालात आयोगानं म्हटलं की भरतीचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातात ठेवू नका. मग १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेनं बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. कायम माणूस खाडा करेल त्या दिवशी त्याच्या जागी कार्डवाला बदली घ्यायचा, रस्त्यावरचा कुणीही नाही.

ऐकायला छोटी गोष्ट वाटते. पण विचार करा. आधी माणसाचं नाव जॉबरच्या डोक्यात होतं, आता ते गिरणीच्या कागदावर आलं. आजोबा चार वर्षं रोज भोंग्याच्या आधी फाटकावर उभे राहायचे. कधी काम मिळायचं, कधी खोलीवर परत. पण प्रत्येक हजेरी नोंदली जात होती आणि त्या नोंदीवरच १९५७ मध्ये ते कायम झाले. तोवर पगाराचंही मार्गी लागलं होतं. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यानं मुंबईच्या गिरण्यांत कामाप्रमाणे पगार ठरवून दिले. किमान मूळ पगार महिना ३० रुपये आणि वर महागाई भत्ता. हे कुणी प्रेमानं दिलेलं नव्हतं, आधीच्या वीस-पंचवीस वर्षांचे संप त्याच्या मागं होते. ट्रंकेतल्या मनीऑर्डरच्या पावत्यांवर आमचं घर चाललं, दोन आत्यांची लग्नं झाली, विहीर खोदली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आजोबा १९८३ मध्ये सारोळ्याला परत आले, वय अठ्ठेचाळीस. बिल्ला परत करायचा राहून गेला, म्हणून तो आपल्याकडे आहे.

या सगळ्यात एक वेगळी माणसं होती, त्यांच्याबद्दल थोडं बोलतो. डबेवाले. तीही आपल्यासारखीच पुणे जिल्ह्यातली मावळी माणसं, जास्त करून मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमाराला हे काम सुरू केलं असं मानतात. शिक्षण बहुतेकांचं सातवी-आठवीपर्यंत. त्यांच्या 'सिक्स सिग्मा'चं कौतुक तुम्ही व्हॉट्सॲपवर शंभरदा वाचलं असेल, ते सोडून द्या. मला त्यांची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. तिथं नोकर कुणीच नाही. टोळीतला प्रत्येक जण भागीदार. महिन्याची कमाई एकत्र होते, खर्च वजा जातो आणि उरलेलं वाटून घेतात. नवीन माणसाला आत यायचं तर आपल्या हिश्शाचे पैसे भरावे लागतात. त्यांना शेठ नव्हता, त्यामुळे शेठनं गिरणी बंद करण्याचा प्रश्न नव्हता. अर्थात ऑफिसंच बंद पडली तर काय, हे कोरोनात दिसलं. कित्येक जण गावाला परतले.

तिसरी वाट आली ती स्वातंत्र्यानंतर. केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये ॲप्रेंटिस कायदा झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात पिंपरी, आकुर्डी, चिंचवडचा पट्टा भरत गेला आणि फिटर, टर्नर, वेल्डर हे शब्द आपल्याकडच्या सोयरिकीत ऐकू यायला लागले. "मुलगा टर्नर आहे, पर्मनंट आहे" म्हटलं की मुलीकडचे खुर्चीवर नीट बसायचे. डिग्री नाही, पण ट्रेड आहे. आणि ट्रेडचं सर्टिफिकेट ओळखीसारखं नसतं. जॉबर मेला की ओळख गेली. सर्टिफिकेट घेऊन माणूस चाकणला जातो, हैदराबादला जातो, दुबईला जातो.

मग मी काय चुकलो? मी दहावीनंतर थेट ठेकेदाराकडं लागलो. कंपनीचं नाव घेत नाही, ठेकेदाराचंही नाही. दोन वर्षं प्रेसवर उभा राहिलो. पगारातून पीएफ कापला जायचा. सोडताना कळलं की निम्म्या महिन्यांचा भरलेलाच नाही. माझ्याकडं एकही पगाराची स्लिप नव्हती. आजोबांनी ट्रंक उघडून विचारलं, "तुझं कार्ड कुठाय?" ते म्हातारपणी फार कमी बोलायचे, पण एवढं बोलले.

भाच्याला मी जा किंवा नको जाऊ असं काहीच सांगितलं नाही. त्याला म्हटलं, आधी जाऊन तीन गोष्टी विचारून ये. मस्टरवर नाव कंपनीच्या की ठेकेदाराच्या? यूएएन नंबर कधी मिळणार? तो मिळाला की दर महिन्याला पैसे जमा होतात का ते मोबाईलवरच दिसतं, साहेबाकडं जायला लागत नाही. आणि ॲप्रेंटिस म्हणून घेता का? हे शेवटचं पोरांना माहीतच नसतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. २०१९ च्या नियमांत विद्यावेतन किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं होतं, शिक्षणाप्रमाणे. कमी आहे, मान्य. ॲप्रेंटिसला पीएफ लागू नाही आणि शिकून झाल्यावर कंपनी कामावर घेईलच असंही कायदा म्हणत नाही. पण शेवटी परीक्षा होते आणि हातात कागद येतो.

तो विचारून आला. ठेकेदाराचा माणूस म्हणे, "तुला पगाराशी मतलब ना? नंबर मिळेल नंतर." ॲप्रेंटिसचं कंपनीच्या गेटवर विचारलं, तर सिक्युरिटीवाल्यानं एचआरचा मेल लिहून दिला. मेल कसा लिहायचा यावर आमची एक संध्याकाळ गेली. उत्तर अजून आलेलं नाही. आयटीआयचे प्रवेश सुरू होईपर्यंत तो ठेकेदाराकडं जातोय, पण हजेरीच्या कार्डाचा रोज संध्याकाळी फोटो काढतो. ताई अजून चिडलेली आहे, माझ्यावर.

गाडी आली बघा, दुसऱ्या रंगाची दोरी घालून तो चढला. तुमच्या घरात कुणाचं बदली कार्ड, बिल्ला, ॲप्रेंटिसचं जुनं सर्टिफिकेट असेल तर त्याचा फोटो आणि त्यामागची गोष्ट पाठवा. पुढच्या भागात गिरणीत काम केलेल्या एका आजींशी बोलणार आहे. हो, बायकाही होत्या गिरणीत, आणि त्यांना कुठल्या खात्यात ठेवायचे ते त्यांच्याच तोंडून ऐका.